माळीणच्या आधीचा टायर

हवा भरायची नळी हातात आहे, पण पंक्चरवाले दादा ती व्हॉल्व्हला लावत नाहीत. मागच्या डाव्या चाकापाशी ते उकिडवे बसलेत आणि अंगठ्याचं नख टायरच्या बगलेवरून सावकाश फिरवताहेत. एका जागी नख अडतं. मी वाकून बघते. काळ्या रबरावर दोऱ्याएवढी बारीक रेघ. तिच्याशेजारी दुसरी, तिसरी. तळ्यातलं पाणी आटल्यावर गाळाला भेगा पडतात, तसं जाळं टायरभर गोल पसरलेलं आहे. सकाळी चिंचवडहून निघताना मी याच चाकाशेजारून दोनदा गेले, तेव्हा मला फक्त चकचकीत काळा रंग दिसला होता.

"ताई, हवा भरून द्या म्हणाल तर देतो," ते म्हणतात. "पण ही गाडी वर नेऊ नका."

मंचर-भीमाशंकर रस्त्यावर, शिनोलीच्या पुढे आणि डिंभ्याच्या अलीकडे, पत्र्याची ही शेड आहे. दारात पांढऱ्या रंगानं 'हवा, पंक्चर, ट्यूबलेस' असं लिहिलेला जुना टायर टांगलाय. ज्येष्ठातला रविवार. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपं तरारून वर आलीत. इथून पुढे डिंभे धरण, मग पोखरीचा घाट, मग तळेघर, निगडाळे आणि शेवटी देऊळ. घाटाच्या बाजूला ढग अगदी खाली उतरलेत. गाडी घोडेगावपासून डावीकडे ओढत होती, म्हणून मी थांबले. पाच मिनिटांचं काम, असं बाबांना सांगितलं होतं.

बाबा दार उघडून खाली उतरतात. शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी गाडीबद्दल कुणी काही बोललं की त्यांना बसवत नाही.

"टायरला काय झालंय? बटणं बघा ना, अजून केवढी खोल आहेत."

ते खरं आहे. नक्षी जवळजवळ जशीच्या तशी आहे. दादा मान हलवतात. "बटणं झकास आहेत, बाबा. गाडी किती पळालीय?"

बाबा गाडीच्या खणातून डायरी काढतात. दर वेळी भरलेलं पेट्रोल, बदललेलं ऑइल, बॅटरी, वायपर, सगळ्यांच्या तारखा त्यात बाबांच्या सुवाच्य अक्षरात आहेत. "एकोणतीस हजार. अकरा वर्षांत फक्त एकोणतीस हजार."

"म्हणजे उभीच असते."

"कव्हर घालून. दर रविवारी धुतो मी."

"तेच सांगतोय. रबर पळून झिजतं, आणि उभं राहून वाळतं."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दादांच्या या एका वाक्यावर मला दोन तास शिकवता येतील, आणि तरीही ते वाक्य मी आज इथं रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा ऐकतेय. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवलं, त्यातून रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले गेले आणि चिकट रबर चिवट झालं. हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. पण कारखान्यातून टायर बाहेर पडला म्हणजे रसायन थांबलं असं होत नाही. हवेतला ऑक्सिजन आत झिरपत राहतो, साखळ्या कुठं तुटतात, कुठं नको तितक्या घट्ट बांधल्या जातात, रबर कडक होत जातं. हवेतला ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर घाव घालतो, आणि या बगलेवरच्या भेगा त्याच्याच आहेत. ऊन आणि उष्णता हे सगळं वेगानं करतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा अभिक्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात, आणि आमच्या सोसायटीतली बाबांची जागा उघड्यावर, दक्षिणेच्या उन्हात आहे. टायर बनवणारे यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी द्रव्यं मिसळतात. चाक फिरतं, रबर दबतं-उमलतं, तेव्हा ती आतून हळूहळू वर येतात आणि टायरला संरक्षक थर मिळत राहतो. चाक फिरलंच नाही तर ती वर येणार कशी? ज्या गाडीला बाबांनी जिवापाड जपलं, तिचा टायर त्या जपण्यातच वाळत गेला.

"तारीख बघू," दादा म्हणतात.

तारीख टायरच्या एकाच बगलेवर असते, आणि आमच्या या चाकावर ती आतल्या अंगाला आलीय. दादांचा हाताखालचा पोरगा जॅक आणायला वळतो, तेवढ्यात माझी बारा वर्षांची मुलगी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीमागे आडवी होते. मी ओरडायच्या आत तिचं डोकं आत गेलेलं असतं.

"डी, ओ, टी… मग खूप अक्षरं आहेत… शेवटी लांबट चौकट आहे. त्यात एक, नऊ, एक, चार."

"पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन साल," दादा तिला सांगतात आणि बोटांच्या पेरांवर मोजतात. "एकोणिसावा आठवडा. म्हणजे मे महिना, साल चौदा." ते थांबतात. मग खालच्या आवाजात म्हणतात, "माळीणच्या आधीचा टायर."

कॉम्प्रेसर बंद आहे. कुणीच काही बोलत नाही.

या भागात काळ असाही मोजतात. माळीण इथून फार लांब नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसात डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. बाबांनाही ते दिवस आठवताहेत, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याच वर्षीच्या दिवाळीत ही गाडी घरी आली. त्या वर्षी पाचवीला असलेली मुलं आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतील. टायर मात्र तोच आहे, आणि आम्ही तिघं त्याच्यावर बसून ऐंशीच्या वेगानं नाशिक रस्त्यानं आलो.

पोरगा बाकीची चाकंही बघतो. चौदा, चौदा, चौदा. मग डिकी उघडून स्टेपनी काढतो. ती पाहून मुलगी म्हणते, "हा तर नवीन आहे." खरंच, रस्त्याला एकदाही न टेकलेल्या टायरवर असतात ते रबराचे केस अजून शाबूत आहेत. पोरगा तिला चौकट दाखवतो. तिथंही चौदा.

दरम्यान एक मोठी गाडी येऊन थांबते. मुंबईचा नंबर. पुढे लिंबू-मिरची, आत आठ माणसं, वर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा. चालकाला चारी चाकांत हवा हवीय आणि घाई आहे. दादा हवा भरतात, भरताना पुढच्या उजव्या टायरवर हात ठेवतात. बगलेवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा आलाय. खड्ड्याच्या दणक्यानं आतले धागे तुटले की असा फुगा येतो, आणि मग तिथं हवेला अडवणारं फक्त रबर उरतं. दादा त्याला सांगतात, पुन्हा सांगतात, स्टेपनी चढवून देतो म्हणतात. चालक पैसे पुढे करतो. "देवालाच चाललोय, काका. देव बघेल." गाडी निघून जाते. दादा ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहतात. मीही बघते, आतल्या आठ माणसांत मला दोन लहान मुलं दिसली होती.

'देव बघेल' हे वाक्य न्यायालयातही जाऊन आलंय. २०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि आतला अडतीस वर्षांचा माणूस दगावला. त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटीची भरपाई मंजूर झाली, तेव्हा विमा कंपनीनं उच्च न्यायालयात अपील केलं. टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला माणूस जबाबदार नाही, असं तिचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ते फेटाळलं. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचा नैसर्गिक प्रकोप. टायर फुटणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, आणि निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणं हे गाडी नेणाऱ्याचं काम आहे. तेव्हा वर्तमानपत्रात ही बातमी वाचून मला बरं वाटलं होतं, त्या कुटुंबाला न्याय मिळाला म्हणून. आपल्या गाडीच्या मागच्या टायरकडे जाऊन बघावं, असं मात्र सुचलं नव्हतं.

"पण दर वर्षी गाडीचे सगळे कागद करतो मी," बाबा म्हणतात. "पीयूसी, विमा. कुणी टायरचं वय विचारलं नाही."

विचारत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या नक्षीची खोली सांगितलेली आहे. मोटारीला किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला ०.८. बाबांच्या टायरची नक्षी त्याच्या कितीतरी पट खोल आहे. नियमाच्या मोजपट्टीवर हा टायर उत्तम. वयाची गोष्ट गाडी बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेत असते. बरेच जण सहा वर्षांनी बदला म्हणतात, आणि टायर बनवणाऱ्या काही बड्या कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या, दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी काढून टाका, असं सांगतात. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणारी एक बस झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता आणि तो एकोणीस वर्षांचा होता. मेलेल्यांत मायकल मोलॉय नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. टायर त्याच्याहून वयानं मोठा. त्याची आई फ्रान्सेस मोलॉय वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथं ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी झाली. एक आई लढली म्हणून झाली. आपल्याकडे शाळेच्या बसच्या टायरवरची चौकट किती आया बघत असतील?

दादा शेडच्या मागून काहीतरी ओढत आणतात. टायर आहे, पण चपलेचा तळ सुटून लोंबावा तशी त्याची वरची पट्टी निम्म्या घेरापर्यंत सुटून आलीय. आत गंजलेल्या पोलादी तारा, केसांसारख्या बारीक, एका बाजूनं विस्कटून बाहेर आलेल्या.

"हा पंधरा दिवसांपूर्वीचा. घाटाच्या खालीच सुटला, म्हणून माणसं वाचली. हात लावून बघा, बाबा. तारांकडे लक्ष द्या, टोचतील."

बाबा वाकतात. दादा त्यांना दाखवतात, नक्षीखाली तारांचे दोन पट्टे एकावर एक तिरपे टाकलेले असतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्या कडा एकमेकींवर घासतात, मध्ये असतं ते फक्त रबर. रबर जिवंत आहे तोवर ते ताण सोसतं. कडक झालं की कडेशी आत चीर पडते, बाहेरून दिसत नाही, आणि ती गोल फिरत वाढत जाते. मग एक दिवस गाडी भरलेली असते, हवा कमी असते, रस्ता तापलेला असतो. बाबा सुटलेल्या पट्टीचा तुकडा बोटांत धरून वाकवतात. तो वाकत नाही, बिस्किटासारखा कडेनं तुटतो. काळा भुगा त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर पडतो.

ते पुन्हा आपल्या गाडीशी जातात. मागच्या डाव्या टायरवर आता स्वतःचं नख फिरवतात. एकदा. पुन्हा. मग मागचं उजवं चाक. पाच टायरांची रक्कम दादांनी मघाशी सांगितलीय, आणि बाबांच्या महिन्याच्या पेन्शनीत ती कुठं बसते हे मला ठाऊक आहे. मी पैशांचं बोलणार, तेवढ्यात तेच म्हणतात, "मागवा. पाचही मागवा."

"स्टेपनी नंतर घेतली तरी…"

"नको. नात बसते गाडीत."

मंचरहून टायर यायला दीड तास लागतो. समोरच्या घरातली मावशी आम्हाला पडवीत बसवते, चहा देते. मुलीपुढे पळसाच्या पानावर जांभळं ठेवते. तिचा मुलगा वडापची जीप चालवतो. ती सांगते, बाळहिरड्याच्या दिवसांत पोती आणि माणसं एकाच जीपमध्ये असतात, मागच्या चाकांकडे बघितलं की पोटात कालवतं. "टायरची रक्कम म्हणजे एका हंगामाचा हिरडा," ती म्हणते. यावर मी काय बोलणार? जुना टायर वापरणाऱ्या प्रत्येकाला निष्काळजी म्हणणं मला इथं बसून जमत नाही. पण त्या मोठ्या गाडीच्या मालकाला मी ते म्हणेन, आणि आजपासून स्वतःलाही.

टायर येतात. कागदात गुंडाळलेले, नव्या रबराच्या वासाचे. पोरगा चढवायला घेतो, पण मुलगी आधी प्रत्येक चौकट वाचते. चारांवर याच वर्षाचे आठवडे आहेत. पाचव्यावर ४८२१. दादा दुकानदाराला फोन लावतात आणि आवाज चढवतात. मग आम्हाला सांगतात, "हा वाईट नाही. सावलीत, दुकानात होता, उन्हात नव्हता. पण साडेतीन वर्षं आधीच गेली त्याची. भाव कमी करायला लावलाय. स्टेपनीला ठेवा, आणि याची तारीख वेगळी लिहून ठेवा." बाबा डायरी उघडतात. नवं पान. वर शीर्षक लिहितात, 'टायरांचा जन्म'. खाली पाच ओळी.

मग काम चालू होतं. जुना टायर रिमपासून सोडवायला पोरगा टॉमी लावून सगळं अंग टाकतो, कडा 'खट्' आवाज करून सुटते. नव्या कडेला साबणाचं पाणी. दादा व्हॉल्व्हही नवे घालतात, "तो पण रबराचाच आहे, तो पण चौदाचा." नट आडव्या-तिडव्या क्रमानं आवळतात. चिंचवडला गेल्यावर बॅलन्सिंग करून घ्या, तोवर वेग आवरा, असं तीन वेळा बजावतात.

जुने पाच टायर भिंतीला लावून ठेवलेत. दादा करवतीचं पातं घेतात आणि बाबांकडे बघतात. "कापू का? असेच दिले तर चार पैसे मिळतील तुम्हाला. पण पॉलिश मारून ते कुणाच्या तरी गाडीला बसतात." स्टेपनीवरचे रबराचे केस अजून तसेच आहेत. बाबा क्षणभर तिच्याकडे बघतात.

"आधी तीच कापा," ते म्हणतात.

डिंभ्याच्या पुढे पाऊस गाठतो. डाव्या-उजव्या वळणांतून धरणाचं पाणी दिसतं आणि ढगात जातं. पोखरीच्या घाटात रस्ता काळा, चकचकीत, मधूनमधून डोंगरावरून आलेल्या लाल मातीचे ओघळ. एका वळणावर समोरून एसटी येते, अगदी मधोमध. मी ब्रेक दाबते. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबते. एसटी हाताच्या अंतरावरून निघून जाते. कडक झालेलं रबर ओल्या खडीला धरत नाही, घसरतं. हे आता मला पुस्तकातून आठवत नाही, तळव्यात जाणवतं. बाबा काही बोलत नाहीत. वरचं हँडल धरलेला हात ते हळूच खाली घेतात.

वर धुकं आहे, चार पावलांपुढचं दिसत नाही. पायऱ्या उतरायला बाबांना अर्धा तास लागतो, चढायला त्याहून जास्त. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली म्हणतात ती मोठी घंटा मुलगी निरखून बघते, तिच्यावर साल कोरलेलं आहे, ते मोठ्यानं वाचते. आज तिला सगळ्यावर साल शोधायचंय.

वाहनतळावर परत येतो तेव्हा पाच वाजलेत. मी चहाचे पैसे देऊन वळते, तर बाबा शेजारी नाहीत. मुलगीही नाही. धुक्यात गाड्यांच्या रांगांमधून शोधत जाते. रांगेच्या टोकाला सहलीची एक मोठी टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. तिच्या पुढच्या चाकाशी मुलगी गुडघ्यांवर बसून टॉर्च धरतेय आणि बाबा, गुडघे दुखत असताना, एक हात बंपरवर टेकवून खाली वाकलेत.

"शून्य, सात, एक, तीन," मुलगी म्हणते.

बाबा सावकाश उभे राहतात. लेंग्यावरचा भुगा अजून तसाच आहे. पलीकडे तीन-चार चालक शेकोटीभोवती उभे आहेत.

"अहो," बाबा त्यांच्याकडे बघून हाक मारतात, "ही गाडी कुणाची? जरा इकडे येता का?"